साडीऐवजी हेडसेट

गेल्या हिवाळ्यात लोणखेड्याच्या एका कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि काचेच्या डबीत बसवलेलं छोटं विमान. विद्यार्थिनींसाठी दोन शब्द बोला म्हणाले, मी चाळीस मिनिटं बोलले. जिद्द झाली, अभ्यास झाला, मुलींनी मागे राहू नये हेही झालं. टाळ्या भरपूर पडल्या. माझा भाऊ शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. शेतीची लाइट त्या आठवड्यात दिवसाची होती, ती जायच्या आत त्याला केळीला पाणी द्यायचं होतं. म्हणून माझं भाषण अर्ध्यावर असतानाच तो उठला, लांबूनच हात वर करून 'जातो' अशी खूण केली आणि गेला. त्याची पाठ दिसली आणि माझं पुढचं वाक्य चुकलं. भाषण पाठ होतं म्हणून निभावलं.

शेवटी एका मुलीने उभं राहून विचारलं, "मॅडम, पैशांचं कसं केलं?"

मी म्हणाले, "घरच्यांनी साथ दिली."

साथ! सत्काराच्या भाषणात हा शब्द फार उपयोगी पडतो, त्याच्याखाली वाटेल ते झाकता येतं. त्या मुलीने तो वहीत लिहूनही घेतला. तिला खरं जाणून घ्यायचं होतं आणि मी तिच्याशी शालीआडून बोलले. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं गाव शहादा आणि तापी यांच्यामधल्या काळ्या पट्ट्यात आहे. केळी, पपई, कापूस, थोडा ऊस. विमानाचं वेड मला लहानपणापासून होतं असं मी त्या भाषणात म्हणाले, तेही खरं नाही. शेजारच्या जिल्ह्यात विमान चालवायला शिकवणारी एक संस्था होती, तिची लहान विमानं रोज आमच्या वावरांवरून जायची. कापूस वेचणाऱ्या बाया मान वर न करता "उनं व माय, परत उनं" म्हणायच्या आणि वेचत राहायच्या. मीही त्यातलीच. बारावीत असताना मात्र त्यातलं एक विमान शेजाऱ्याच्या वावरात उतरलं. हरभरा काढून वावर मोकळं झालेलं होतं. इंजिनाचा आवाज बदलला म्हणून चालवणाऱ्या मुलीने जागा हेरून ते व्यवस्थित खाली आणलं होतं. गाव लोटलं. ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिने आधी पाणी मागितलं, मग फोनला रेंज कुठे येते ते विचारलं, आणि मग पंखाला हात लावणाऱ्या बाप्या माणसांवर हिंदीतून अशी ओरडली की सगळे दहा पावलं मागे सरले. पाणी मीच दिलं होतं. मला विमान आवडलं की तिचं ते दरडावणं, हे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांना मी सांगितलं तेव्हा ते पपईला आधाराच्या काठ्या लावत होते. म्हणाले, "इतलं शिकीसन करशी काय?" पण माणूस उडवून लावणारा नव्हे. आठ दिवसांनी धुतलेली टोपी घालून, मला आणि भावाला घेऊन ते त्या संस्थेत गेले. साहेबांनी चहा दिला, मोकळ्या मैदानात उभी असलेली विमानं दाखवली, फी सांगितली. पुढचा आठवडाभर आबा जेवायला बसले की भाकरीचा तुकडा हातात धरून ते भिंतीकडे बघत बसायचे.

आमच्याकडे मुलींचा हिस्सा असतो, कागदावर असतो. लग्न ठरलं की बहीण रजिस्टर ऑफिसात जाते, हक्कसोडीच्या कागदावर सही करते, भाऊ साडी-चोळी घेतो, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरचं दार तिला उघडं राहतं. सही न करणारीही एखादी निघते. तिच्याबद्दल गावात कुजबुज होते आणि आखाजीला तिच्यासाठी कुणी झोका बांधत नाही. मला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं, आणि त्यात काही चुकतंय असं कधी वाटलं नव्हतं.

आबांनी तोडगा काढला तो यातूनच. नदीकडचं वावर विकायचं आणि माझी फी भरायची. त्याच्या बदल्यात उरलेल्या सगळ्या जमिनीवरचा हक्क मी आत्ताच, लग्नाची वाट न बघता, भावाच्या नावे सोडायचा. "हाऊ तुन्हा हिस्सा समज," ते म्हणाले. "उद्या भाऊले बोलाले जागा नको." त्यांच्या हिशेबात हा स्वच्छ न्याय होता. गावात कुणी मुलीवर एवढं लावलं नव्हतं. आबांना दोन्ही लेकरांसमोर मान ताठ ठेवून बसायचं होतं.

मी तर नाचायचीच बाकी होते. "कोठे सही करनी शे, सांग," म्हणाले.

भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो तेव्हा धुळ्याला शेतकी कॉलेजात होता. त्या दिवसासाठी त्याला बोलावून घेतलं, सकाळच्या बसने आला. रजिस्टर ऑफिसात दस्त लिहिणाऱ्याने कागद पुढे करत मला विचारलं, "लग्न कधीचं?" मी म्हणाले, लग्न नाही, पायलट व्हायचंय. त्याने चष्म्यावरून आबांकडे बघितलं. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. आत साहेबांसमोर अंगठा यंत्रावर ठेवला, फोटो निघाला, आणि साहेबांनी मान वर करून विचारलं, "राजीखुशीने करताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

"नाही साहेब," मी इतक्या मोठ्याने म्हणाले की रांगेतली दोन माणसं हसली.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, चल, साडी घेऊ. रीत ती रीत. मी म्हणाले, साडी नको, मला हेडसेट लागेल. विमानात कानाला लावतात तो. चांगला महाग असतो. आबा भावाकडे बघून म्हणाले, "इना हातमा दे पैसा. साडी भाऊ लेस ना, मंग हेडसेटबी भाऊच ली." भावाने आबांकडून नोटा घेतल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. तो हसला, असं मला आठवतं. मग रसवंतीत बसून आम्ही उसाचा रस प्यायलो आणि तो दुपारच्या बसने धुळ्याला परत गेला.

शिकणं अवघड होतं, पण ते मला जमलं. हवामान, दिशा, नियम, रेडिओवर बोलायची इंग्रजी, सगळ्याचे पेपर. इंग्रजीवरून सुरुवातीला खूप हसले लोक. आमच्या बोलीचा हेल रेडिओवर गेला की पलीकडचा माणूस 'पुन्हा सांगा' म्हणायचा. मी रागाने पुन्हा सांगायची, आणि रागावले की माझी इंग्रजी बरी होते हे मला तिथेच कळलं. हवेतला प्रत्येक तास फीचा होता. पावसाने, धुक्याने, विमान दुरुस्तीत अडकल्याने आम्ही दिवसेंदिवस बसून असायचो. वर्षभराचं काम दोन वर्षांवर गेलं, आणि होस्टेलचा खर्च चालूच राहिला. मी घरी फोन करायची, "आबा, अजून थोडे लागतील." आबा "हा" म्हणायचे. हे थोडे कुठून येतात ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला एकटीने लांबचा पल्ला मारायचा होता. वाटेत आमचं गाव येणार होतं. तोवर भाऊ धुळ्याचं कॉलेज सोडून घरी आला होता. का, म्हणून मी फोनवर विचारलं तेव्हा माय म्हणाली, "त्यानं मन लागनं नही." मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. अभ्यास मला जमला, त्याला जमला नाही, असं आत कुठेतरी वाटलंही आणि ते वाटणं मला आवडलं. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

उडायच्या आदल्या दिवशी भावाला वेळ सांगितली. तो म्हणाला, मी विहिरीच्या कठड्यावर चढून मोठी लाल चादर हलवतो, बघ दिसते का. तीन हजार फुटांवरून आमचं गाव मला दिसलं. तापीचं वळण, केळीचे चौकोन, रस्त्याच्या कडेचं आमचं वावर, विहिरीचा काळा ठिपका. माणूस दिसत नाही तेवढ्या उंचीवरून. शिवाय त्याच वेळी मला वारा, वेळ आणि पुढचं गाव नकाशावर लावून घ्यायचं होतं, आणि वळण चुकेल ही भीती होती. खाली बघितलं ते एकदाच. उतरल्यावर त्याचाच फोन.

"तुन्हंच इमान व्हतं ना? मी चादर हालाडी ऱ्हायंतू. तुले दिसनू का?"

"दिसना ना," मी म्हणाले. "लाल चादर मस्त दिसनी."

तो पलीकडे खुदकन हसला. एवढं खोटं कुणाचंही काही बिघडवत नाही असं मला वाटलं.

लायसन्स हातात पडलं आणि गावाने चौकात बोर्ड लावला. गणवेशातला माझा फोटो, खाली अभिनंदन करणाऱ्यांचे तीसेक फोटो, त्यांतल्या निम्म्या लोकांना मी ओळखत नव्हते. लायसन्स म्हणजे नोकरी, अशी सगळ्यांची समजूत. माझीसुद्धा जवळपास तशीच. विमान कंपन्यांना मात्र फक्त दोनशे तास उडालेली पोरगी नको होती. ज्यांना हवी होती त्यांना ती मोठ्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने करून आलेली हवी होती. तेही करून घरी बसलेली मुलं मी दिल्लीत बघितली. एकाच खोलीत पाच जण, सगळे पायलट, आणि एकाच्या मावशीचा मुलगा कुठल्याशा कंपनीत होता म्हणून सगळे त्याची मर्जी सांभाळायचे.

चार वर्षं. चार वर्षं मी 'पायलटबाई' म्हणून गावात राहिले. लायसन्स नुसतं कपाटात ठेवून चालत नाही. दरवर्षी डॉक्टरी तपासणी, दरवर्षी परीक्षकासमोर उडून दाखवायचं, आणि त्यासाठी विमान भाड्याने घ्यायचं. शहाद्याला एका क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचे आणि तो पगार लायसन्स जिवंत ठेवण्यात घालवायचे. गावात कुणी वाईट बोलत नव्हतं, हीच पंचाईत होती. चिडायला सोय नव्हती. एका म्हाताऱ्याने एकदा मला रस्त्यात अडवलं. "पायलटबाई, मन्हा ट्रॅक्टर चालू व्हई नही ऱ्हायना. देखी ले ना जराक." मी बघितला. डिझेल संपलेलं होतं. तेव्हापासून त्याच्या दृष्टीने माझं शिक्षण सार्थकी लागलं. मायचं निराळंच. "पायलट व्हयनी ते व्हयनी," ती भाकरी थापता थापता म्हणायची, "पन तलाठीनी जागा निघनी शे, फॉर्म भरी टाक ना." मी ताटावरून उठून जायची. मग तीच ताट झाकून ठेवायची.

परीक्षांना बोलावणी यायची. लेखी पास, गटचर्चेत गळाले. मुलाखतीपर्यंत गेले, यादीत नाव नाही. एकदा यादीत नाव आलं आणि कंपनीने भरतीच थांबवली. प्रत्येक वेळी नंदुरबार स्टेशनवर मला सोडायला आणि आणायला भाऊ यायचा, मोटारसायकलवर. काय झालं असं त्याने एकदाही विचारलं नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळायचं बहुतेक. मला मात्र त्याचं न विचारणं टोचायचं. मला वाटायचं, याला काय, याचं सगळं बसलंय. जमीन याची, घर याचं, लग्न झालं, मुलगी झाली. वाटणीत आबांनी रस्त्याकडेचं वावर एकट्या त्याच्या नावावर केलं होतं. मी सही करून मोकळी झाले होते आणि माझ्याकडे एक जुना हेडसेट होता. पंचविशी जवळ आल्यावर त्या कागदाचा अर्थ मला कळायला लागला आणि जसा कळत गेला तसा राग भावाकडे वळला. आबांकडे वळायला हवा होता. पण आबांचे गुडघे दुखायचे, त्यांच्यावर रागावणं जिवावर यायचं.

मग पाचव्या वर्षी एका कंपनीत माझी निवड झाली. सगळ्या फेऱ्या पार. पत्रात मात्र अट होती. मोठ्या विमानाचं प्रशिक्षण त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी, स्वतःच्या खर्चाने. पहिला हप्ता दहा दिवसांत भरायचा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला. रक्कम वाचून मी पत्र पालथं ठेवलं. बँकेत गेले. बँकेने तारण मागितलं. माझ्या नावावर एक स्कूटी होती.

आबांना सांगितलं. ते खाटेवर बसले होते. बराच वेळ गुडघा चोळत राहिले. म्हणाले, "मन्हा हातमा आते काय शे, बाई? भाऊले इचार."

भाऊ रस्त्याकडेच्या वावरात होता. तिथे त्याने केळीच्या रोपांच्या नर्सरीसाठी हिरव्या जाळीचा मांडव घालायला घेतला होता. चार वर्षं त्याच्या डोक्यात ते होतं. अर्धे खांब उभे होते. मोलगीकडचे दोन मजूर खड्डे खणत होते. मी गेल्या गेल्या पत्र त्याच्या पुढे धरलं. त्याने हात पुसून ते वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, "इतला पैसा मन्हाजवळ नही शे, बाई."

नीट बोलायचं ठरवून गेले होते. पण त्याचा तो थंड आवाज ऐकला आणि माझा तोल गेला. "तुन्हाजवळ कसा ऱ्हाई?" मी ओरडले. "तुन्हं बरं शे. सातबारावर एकलाच. मी सही करी दिन्ही, माले काय भेटनं? साडीबी नही भेटनी!"

मजूर खणायचे थांबले. भाऊ खांबाला हात लावून उभा राहिला. तो माझ्यावर कधी ओरडलेला नाही, तेव्हाही ओरडला नाही.

"त्या सायेबनी तुले इचारं व्हतं," तो म्हणाला. "कोनी जबरदस्ती नही ना, म्हनीसन. याद शे का?"

मी पत्राची घडी घालू लागले.

"माले इचारं का कोनी? तुले वावर पाहिजे का, असं इचारं का? तुन्ही फी वाढनी, आबांनी वावरमा राबनारा दोन सालदार काढी टाका, माले फोन कया, घर ये. मी कालेज सोडं. तू तरी इचारं का, काबर सोडं?"

त्याने मजुरांना खूण केली आणि स्वतः पहार घेऊन पुढच्या खड्ड्याकडे गेला. मी बांधाने घरी आले. त्या रात्री जेवताना आम्ही समोरासमोर बसलो होतो, आणि त्याने मला मिरचीचा ठेचा पुढे सरकवला, नेहमीसारखा. इतकी वर्षं मी ज्याला जिंकलेला समजत होते त्याला कुणी खेळायला तरी यायचं का हेसुद्धा विचारलं नव्हतं. आणि त्या विचारण्याची पहिली पाळी माझी होती.

यानंतर मी काय करायला हवं होतं हे सांगणं आता सोपं आहे. पत्र फाडायचं, तलाठ्याचा फॉर्म भरायचा. नाहीतर त्याच्याकडे जाऊन म्हणायचं, भाऊ, राहू दे. मी दोन दिवस हे वाक्य मनात जुळवत राहिले आणि दोन्ही दिवस कॅलेंडरही बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो दात घासता घासता म्हणाला, "गुरुवारले तयार ऱ्हाय. आधार कार्ड ले. ओळख देवाले तू लागशी."

"कसानी ओळख?"

"रस्तानं वावर इकी दिन्हं."

वहिनी चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

"आनि नर्सरी?" मी विचारलं.

"नर्सरी कोठे पळी जास," तो म्हणाला आणि चूळ भरायला वळला.

गुरुवारी मोटारसायकलवर मी त्याच्या मागे बसले. वाटेत ते वावर लागलं. खांब काढून बांधावर रचून ठेवले होते. त्याने गाडी हळू केली नाही. थोडं पुढे गेल्यावर वाऱ्यात ओरडून म्हणाला, "एक सांगू का? त्या दिन चादर लाल नव्हती. लाल मायनी धवाले टाकेल व्हती. मी पिवळी लई ग्यू."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मग कानापर्यंत गरम झाले.

"मंग तव्हयच काबर नही सांगं?"

"तू खूश व्हती ना," तो म्हणाला.

पुढचा सगळा रस्ता मी त्याच्या शर्टाच्या पाठीकडे बघत होते. तो खरंच सहज बोलला होता, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

रजिस्टर ऑफिस तेच होतं. रंग नवा, बाकडी जुनी. घेणारा व्यापारी आधीच येऊन बसला होता, त्याने आम्हाला चहा पाजला. दस्तावर माझं काम छोटं होतं. लिहून देणाऱ्याला मी व्यक्तिशः ओळखते, असं छापलेलं होतं, त्याखाली सही. पेन माझं होतं. लॉगबुक भरायचं काळं पेन मी नेहमी जवळ बाळगते. भावाने माझ्याच पेनाने पानापानावर सह्या केल्या. प्रत्येक सहीआधी तो पेन क्षणभर थांबवायचा आणि मग एका दमात नाव लिहायचा. आत गेल्यावर अंगठा झाला, फोटो झाला. साहेब दुसरे होते, पण त्यांनीही मान वर केली.

"राजीखुशीने करताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

भावाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. कुणी आपल्याला काही विचारलं की माणूस घरच्यांकडे बघतो ना, तसं. साहेबांनी पेन हातात धरून वाट बघितली. मागे कुणीतरी खोकलं. त्या वेळात मी म्हणू शकत होते, थांबा साहेब. दोनच शब्द होते आणि दोन्ही माझ्या तोंडात आलेले होते. पण हप्ता सोमवारी भरायचा होता.

"नही साहेब," भाऊ म्हणाला. "कोनी जबरदस्ती नही."

साहेबांनी शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मला त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तरी मीही तेच म्हणाले असते, आणि हे मला पेन उघडतानाही माहीत होतं. मी सही केली.